किराणा दुकानातून गिफ्ट कार्डं घेऊन पॉइंट्स कमावणे: खरंच परवडतं का?

कोलंबसकर

मंडळी नमस्कार. ओहायोत येऊन फार दिवस झालेले नाहीत, त्यामुळे प्रश्न बाळबोध वाटला तर सांभाळून घ्या.

घराच्या बेसमेंटचं काम काढलंय. लाकूड, ड्रायवॉल, फरशा, रंग असा साधारण ३,००० डॉलरचा माल लोज या घरकामाच्या सामानाच्या दुकानातून आणायचा आहे. ऑफिसातला एक मित्र म्हणतो, थेट लोजमध्ये कार्ड घासू नकोस. आधी क्रोगर सुपरमार्केटला जा, तिथे रॅकवर लोजची गिफ्ट कार्डं टांगलेली असतात ती उचल, आणि किराण्यावर ६ टक्के देणाऱ्या अ‍ॅमेक्सच्या ब्लू कॅश प्रेफर्ड क्रेडिट कार्डाने पैसे भर. म्हणजे १८० डॉलर परत. वर क्रोगर गिफ्ट कार्डांवर अधूनमधून चौपट फ्युएल पॉइंट्स देतं, म्हणजे पेट्रोलही जवळपास फुकट.

ऐकायला झकास वाटतंय, म्हणूनच शंका येतेय. कुणी करतं का हे? यात मेख कुठे आहे?

साखरफुटाणा

वाचनखूण साठवली. जाणकारांच्या प्रतीक्षेत.

उधारीवाला

करतो. पण तुमच्या मित्राने हिशेबाचा पहिला अर्धाच भाग सांगितलाय.

ब्लू कॅश प्रेफर्डचे ६ टक्के वर्षाला ६,००० डॉलरच्या किराण्यापर्यंतच मिळतात. त्यापुढे १ टक्का. आता तुमच्या घरचा किराणा महिन्याला ५०० च्या आसपास असेल (चौघांच्या घराला सहज लागतो), तर ती मर्यादा नुसत्या दूध-भाजीतच भरते. मग मार्चमध्ये तुम्ही ३,००० ची लोज कार्डं घेतलीत, तर जूननंतर तुमच्या दुधाला १ टक्का मिळणार. मिळालेलं १८० हे लोजचं नाही, तुमच्याच पुढच्या किराण्याचं आगाऊ उचललेलं आहे. शिवाय कार्डाची वार्षिक फी ९५ डॉलर.

किराणा बहुतेक कॉस्टको किंवा वॉलमार्टमधून आणत असाल तर गोष्ट वेगळी. कॉस्टकोत अ‍ॅमेक्स चालतच नाही आणि वॉलमार्ट, टार्गेटला अ‍ॅमेक्स सुपरमार्केट मानत नाही. तेव्हा मर्यादा रिकामी पडून असते आणि गिफ्ट कार्डांना खरा अर्थ येतो. तर आधी हे सांगा, किराणा कुठून आणता?

कोलंबसकर

@उधारीवाला, अर्धा कॉस्टको, थोडा इंडियन ग्रोसरी, उरलेला क्रोगर. इंडियन ग्रोसरीला ६ टक्के मिळतात का?

उधारीवाला

त्या दुकानाने कार्डयंत्र घेताना स्वतःला काय म्हणून नोंदवलंय त्यावर आहे. प्रत्येक दुकानाला चार आकड्यांचा एक संकेतांक असतो. सुपरमार्केटचा ५४११. आपल्या मंडळींच्या काही दुकानांना तो असतो, काही 'इतर खाद्यपदार्थ' म्हणून नोंदलेली असतात, आणि मागे चाट काउंटर असेल तर चक्क रेस्टॉरंट. एकदा छोटी खरेदी करा आणि स्टेटमेंट बघा.

तळ्यातमळ्यात

पेट्रोल फुकट वगैरे म्हणणाऱ्या मित्राला माझा साष्टांग नमस्कार सांगा.

क्रोगरमध्ये साध्या खरेदीला डॉलरमागे एक पॉइंट, गिफ्ट कार्डांना दोन, ऑफर असेल तेव्हा चार. १०० पॉइंटांना गॅलनमागे १० सेंट सूट. एका वेळी जास्तीत जास्त १,००० पॉइंट, म्हणजे गॅलनमागे १ डॉलर, तेही ३५ गॅलनपर्यंत. तुमच्या ३,००० वर चौपटीने १२,००० पॉइंट होतील. कागदावर बारा वेळा ३५ गॅलन, ४२० डॉलर. पण ३५ गॅलनची टाकी कुणाकडे आहे? माझ्या गाडीत जेमतेम चौदा गॅलन मावतं. म्हणजे एका भरण्याला १४ डॉलर, बाराचे १६८.

आणि खरी ग्यानबाची मेख पुढे आहे. पॉइंट त्या महिन्यात आणि पुढच्या महिन्याच्या अखेरपर्यंतच चालतात. दोन महिन्यांचे पॉइंट एकत्रही करता येत नाहीत. आठवड्याला एकदा टाकी भरणाऱ्याचे निम्मेअर्धे पॉइंट तसेच जातात. म्हणून सगळी कार्डं एकदम घेऊ नका. लागतील तशी, महिन्याच्या सुरुवातीला घ्या. ३० तारखेला घेतलीत तर एक अख्खा महिना हातचा गेला.

सदूची_सुटकेस

३५ गॅलनवर उपाय आहे. नवरा-बायकोने दोन गाड्या एकाच पंपाच्या दोन बाजूंना लावायच्या. नवऱ्याची टाकी भरली की नळी न ठेवता तशीच बायकोच्या गाडीत. आमच्याकडे दर महिन्याला हा सोहळा होतो. मागे उभा असलेला माणूस हॉर्न वाजवतो, बायको दुसरीकडे बघते, मी आकड्यांकडे.

रेवा_ना

@सदूची_सुटकेस, आमच्या शेजारचे गृहस्थ ट्रंकमध्ये लाल डबे घेऊन जातात. त्यांच्या गॅरेजजवळून जाताना मी श्वास रोखून जाते.

मामंजी

सगळं वाचलं. एक विचारू का? शंभर-दोनशे डॉलरसाठी एवढी यातायात? दुकानात जा, रॅकवर कार्डं शोधा, रांगेत उभे राहा, मॅनेजरला बोलवा (५०० च्या वरच्या खरेदीला हमखास बोलवावं लागतं), मग दुसऱ्या दुकानात तीच कार्डं एकेक करून ओरबाडा. कुठे शिल्लक २ डॉलर ४० सेंट राहते, ते कार्ड मग तीन वर्षं ड्रॉवरमध्ये. आम्ही पंचवीस वर्षांपूर्वी आलो तेव्हा दोन सुटकेस आणि एक कुकर होता. काही अडलं नाही.

दिवे घ्या (म्हणजे हलके घ्या), पण वेळेची किंमत नावाची काही चीज असते.

वाकडी_वाट

मामंजी, वेळेची किंमत तुम्ही धाग्यावर धागे वाचून चुकवताच आहात की :)

काही जण क्रिकेट बघतात, मी टक्के मोजतो. आणि या छंदाला परंपरा आहे बरं का. १९९९ मध्ये कॅलिफोर्नियातल्या डेव्हिड फिलिप्स नावाच्या इंजिनियरने एका ऑफरमधली फट हेरली आणि बारा हजारांवर पुडिंगचे कप विकत घेतले. खर्च तीन हजार डॉलरच्या थोडा वर, मिळाले साडेबारा लाखांच्या आसपास विमान-मैल. कपांची वेष्टनं सोलायला माणसं हवी होती, तर पुडिंग धर्मादाय संस्थेला देऊन टाकलं आणि त्यांच्याच स्वयंसेवकांकडून वेष्टनं काढून घेतली. दानाची करसवलतही घेतली. याला म्हणतात डोकं.

पुढे अमेरिकी टांकसाळीने एक डॉलरची नाणी चलनात यावीत म्हणून घरपोच, टपालखर्चाशिवाय विकायला काढली. लोकांनी क्रेडिट कार्डावर खोकीच्या खोकी मागवली, खोकं न उघडता बँकेत भरलं आणि मैल खिशात घातले. टांकसाळीने २०११ मध्ये कार्डाने पैसे भरणं बंद केलं तेव्हा तो मळा आटला.

सध्या हा खेळ ५०० डॉलरच्या व्हिसा गिफ्ट कार्डांवर चालतो. सहा-सात डॉलर चालू करण्याची फी भरायची, क्रेडिट कार्डाचे पॉइंट घ्यायचे, गिफ्ट कार्डाने मनी ऑर्डर काढायची आणि ती बँकेत भरून क्रेडिट कार्डाचं बिल चुकतं करायचं. आपलेच पैसे गोल फिरवायचे.

दुपारची_झोप

आणि बँक गप्प बसते?

वाकडी_वाट

बसत नाही, म्हणूनच मी हल्ली तो भाग सोडलाय. रोज मनी ऑर्डर भरणारा माणूस बँकेला काळा पैसा पांढरा करणाऱ्यासारखाच दिसतो, मग कधीतरी पत्र येतं की आपलं खातं बंद करत आहोत. एच-१बी व्हिसावाल्यांनी तर या वाटेला जाऊच नये. कायद्याने गुन्हा नसला तरी बँकेला खुलासे देत बसायची हौस कुणाला आहे? ब्रँडची कार्डं (लोज, अ‍ॅमेझॉन वगैरे) स्वतःच्या खरेदीसाठी घेणं हा निराळा मामला आहे, त्यात कुणाला काही खुपत नाही.

पावशेर_पुणे

इकडच्या मंडळींसाठी अवांतर: भारतात किराणा दुकानात जावं लागत नाही. कार्डवाल्या बँकांचीच व्हाउचरची पोर्टल्स आहेत, तिथून घेतलं की पॉइंट वाढीव मिळतात, दरमहा मर्यादा असते. रिझर्व्ह बँकेच्या नियमाप्रमाणे बँकेचं गिफ्ट कार्ड १०,००० रुपयांपर्यंतच असतं, पुन्हा भरता येत नाही आणि रोख काढता येत नाही. त्यामुळे गोल फिरवायची तुमची मजा आमच्याकडे नाही. दुकानाचं स्वतःच्याच मालासाठीचं व्हाउचर मात्र या नियमांच्या बाहेर.

बाकी आमच्याकडे पाकिटात ५०१ घालतात. त्या वरच्या एकावर किती टक्के?

सदूची_सुटकेस

@पावशेर_पुणे, पाकीट परत आलं की कॅशबॅक समजायचा. मुंजीत आलेलं पाकीट तसंच पुढच्या बारशाला, ही आपली मूळची पद्धत. अमेरिकेने नंतर उचलली.

दुपारची_झोप

मला वेगळंच कोडं पडलंय. क्रोगरला यात काय मिळतं? मी क्रोगरमध्ये लोजचं १०० चं कार्ड १०० लाच घेतो, वर ते मला पॉइंट देतात आणि अ‍ॅमेक्सला फी देतात. मूर्ख आहेत का?

हिशेबनीस

रीटेलमध्ये हिशेब बघण्यात आयुष्य गेलंय, म्हणून चार ओळी.

१०० चं कार्ड क्रोगरला १०० ला पडत नाही. लोज त्यावर कमिशन सोडतं, ते मधला वितरक आणि दुकान वाटून घेतात. हा रॅकचा धंदाच मुळी एका सुपरमार्केटच्या पोटात जन्मला. ब्लॅकहॉक ही कंपनी २००१ मध्ये सेफवेचा विभाग म्हणून सुरू झाली, पुढे वेगळी झाली. किराण्यात नफा अत्यंत पातळ असतो, आणि हा माल तर नासत नाही, फ्रीजमध्ये ठेवावा लागत नाही, चालू होईपर्यंत चोरीला गेला तरी नुसतं प्लॅस्टिक. शिवाय फ्युएल पॉइंटांसाठी तुम्ही पेट्रोल त्यांच्याच पंपावर भरता. आणि @तळ्यातमळ्यात म्हणाले तसे निम्मे पॉइंट वापराविना जातात, तेही त्यांच्या पथ्यावरच.

लोज कमिशन का सोडतं? कारण १०० चं कार्ड घेऊन आलेला माणूस १४० ची खरेदी करतो. आणि काही जण येतच नाहीत. विसरलेल्या शिलकीला हिशेबात चक्क उत्पन्नाची ओळ असते. स्टारबक्सचे वार्षिक अहवाल उघडून बघा, अलीकडच्या वर्षांत ही ओळ वीस कोटी डॉलरच्या आसपास आहे. मामंजींच्या ड्रॉवरमधले २ डॉलर ४० सेंट कुठेतरी असेच जमा होताहेत.

मामंजी

म्हणजे माझा ड्रॉवर कुणाचं तरी पोट भरतोय. बरं वाटलं ऐकून.

जाता जाता, ती कार्डं मुदत संपून बाद होतात का?

हिशेबनीस

इतक्यात नाही. २००९ च्या कार्ड कायद्यानंतर कार्डावरचे पैसे किमान पाच वर्षं चालतात, आणि वापर नसल्याची फी बारा महिने कार्ड पडून राहिल्याशिवाय लावता येत नाही. काही राज्यांचे नियम आणखी कडक आहेत. कॅलिफोर्नियात तर शिल्लक थोडी उरली असेल तर दुकानाकडून रोख मागता येते.

पण दुकानच बुडालं तर कायदा काय करणार? बेड बाथ अँड बियॉंडने एप्रिल २०२३ मध्ये दिवाळखोरी जाहीर केली आणि ८ मे नंतर त्यांची गिफ्ट कार्डं चालेनाशी झाली. पुरते पंधरा दिवस. दिवाळखोरीत कार्डवाला हा सगळ्यात शेवटच्या रांगेतला देणेकरी.

उधारीवाला

@हिशेबनीस, देणेकरी नाही हो, घेणेकरी. देणं दुकानाचं.

हिशेबनीस

बरोबर. घाईत उलट लिहिलं. आमच्या साहेबांनी वाचलं नाही म्हणजे मिळवलं.

रेवा_ना

टक्क्यांच्या गप्पा चालल्यात, पण चोरीबद्दल अजून कुणीच बोललं नाही म्हणून लिहिते.

भाचीच्या वाढदिवसाला एका दुकानातून २०० डॉलरचं कार्ड घेतलं. तिने दोन आठवड्यांनी वापरायला काढलं तर शिल्लक शून्य. पैसे आपल्या राज्यात कुणी पाहिलेही नाहीत अशा गावी खर्च झालेले. दुकान म्हणतं कार्ड कंपनीला विचारा, कंपनी म्हणते दुकानाला विचारा. पावती जपून ठेवली होती म्हणून कितीतरी फोन करून शेवटी नवीन कार्ड मिळालं. पावती नसती तर तेही नाही.

प्रकार असा असतो: चोर रॅकवरची कार्डं उचलून नेतात, पाकीट हळूच उघडून नंबर आणि पिन टिपतात, पुन्हा चिकटवून रॅकवर आणून लटकवतात. तुम्ही कार्ड चालू केलंत की त्यांचा संगणक शिल्लक तपासतच बसलेला असतो. यामागे मोठ्या टोळ्या आहेत. होमलँड सिक्युरिटी या सरकारी खात्याने २०२३ च्या अखेरीस 'प्रोजेक्ट रेड हुक' नावाने खास मोहीमच काढली. मेरीलँडने तर कायदा केला, तिथे जून २०२५ पासून कार्ड फोडल्याशिवाय नंबर दिसणार नाही अशा पाकिटातच विकावं लागतं.

म्हणून कोलंबसकर, एकदम ३,००० ची कार्डं घेऊन कपाटात ठेवू नका. पाकिटाच्या कडा आणि पिनवरची पट्टी चाचपून बघा, आणि माल घ्यायला निघायच्या दिवशीच कार्ड घ्या. काही दुकानांच्या संकेतस्थळावर ईमेलने येणारं कार्ड मिळतं, ते त्यातल्या त्यात बरं. पण तिथे बिल कुणाच्या नावावर पडतं तेही बघा, मधल्या वितरकाच्या नावावर पडलं तर किराण्याचे टक्के गेले.

साखरफुटाणा

बाप रे. हे माहीतच नव्हतं. धन्यवाद रेवाताई.

तळ्यातमळ्यात

रेवाताईंना अनुमोदन. यावरून आठवलं, सासूबाई इथे आल्या होत्या तेव्हा त्यांना घेऊन दुकानात गेलो. मी दूध आणायला मागे गेलो आणि कार्डांचा गठ्ठा त्यांच्या हातात. कॅशियर बाई एकदम गंभीर: "तुम्हाला कुणी फोन करून ही कार्डं घ्यायला सांगितलंय का?" सासूबाई म्हणाल्या, "हो, जावयाने." मी पोचेपर्यंत मॅनेजर आला होता.

हसण्यावारी नेलं तरी ती बाई बरोबरच होती. आयआरएस (इथलं आयकर खातं) किंवा पोलीस असल्याचं सांगून कुणी गिफ्ट कार्डाचे नंबर मागितले तर तो शंभर टक्के ठग. भारतातून आलेल्या आईवडिलांना हे पहिल्या दिवशी सांगून ठेवा.

सदूची_सुटकेस

"हो, जावयाने" :D :D ऑफिसात मोठ्याने हसलो.

दुपारची_झोप

या सगळ्या कॅशबॅकवर टॅक्स लागतो का? की तो प्रश्न विचारायचा नसतो?

वाकडी_वाट

विचारला गेलाय, चक्क टॅक्स कोर्टात. अनिकीव्ह नावाच्या दांपत्याने २०१३ आणि २०१४ या दोन वर्षांत साठ लाख डॉलरहून जास्त रकमेची व्हिसा गिफ्ट कार्डं मुख्यतः किराणा दुकानांतून आणि औषधांच्या दुकानांतून घेतली. कार्ड होतं अ‍ॅमेक्सचं ब्लू कॅश, तेव्हा एका टप्प्यानंतर ५ टक्के देणारं आणि वर मर्यादाच नसलेलं. तीन लाखांच्या वर कॅशबॅक मिळाला. आयआरएस म्हणालं, हे उत्पन्न. २०२१ मध्ये निकाल लागला: गिफ्ट कार्ड ही विकत घेतलेली वस्तू, तिच्यावर मिळालेला परतावा म्हणजे किमतीतली सूट, उत्पन्न नव्हे. मात्र थेट मनी ऑर्डर घेण्यावर किंवा डेबिट कार्डात पैसे भरण्यावर जो कॅशबॅक मिळाला, तो करपात्र धरला.

त्यामुळे लोजच्या कार्डावर मिळालेल्या १८० ची चिंता नको. मी सीए नाही, हलके घ्या.

मामंजी

साठ लाख डॉलरची गिफ्ट कार्डं! त्यांना ड्रॉवर केवढा लागला असेल.

उधारीवाला

त्या लोकांमुळेच आता मर्यादा आल्यात. अ‍ॅमेक्सच्या अटींत आजही स्पष्ट लिहिलंय की प्रीपेड कार्ड विकत घेणं किंवा भरणं आणि रोखीसारख्या गोष्टी घेणं पात्र खरेदीत धरलं जात नाही. लोजचं कार्ड त्यात येतं का यावर वाद घालता येईल, पण न्यायाधीशही तेच आहेत. किराण्याच्या पिशवीबरोबर ५०-१०० चं कार्ड घेतलं तर कुणी बघत नाही. बरोब्बर ५०० च्या पटीत बिलं दिसू लागली की दिलेला कॅशबॅक परत काढून घेतल्याची उदाहरणं आहेत. नवीन कार्डाच्या स्वागत बोनससाठी तर गिफ्ट कार्डं अजिबात घेऊ नयेत, तिथे ते फार काटेकोर असतात.

आता मूळ प्रश्नाकडे. कोलंबसकर, तुम्ही बेसमेंट करताय. बेसमेंटच्या कामात माल परत जातोच. फरशी दोन पेट्या जास्त, रंगाची छटा बायकोला नापसंत, दार इंचभर मोठं. गिफ्ट कार्डाने घेतलेला माल परत केला की पैसे दुकानाच्या कार्डावरच येतात, तुमच्या खात्यात नाही. शिवाय क्रेडिट कार्डाची वाढीव वॉरंटी किंवा बिलावर तक्रार नोंदवायची सोयही जाते, कारण क्रेडिट कार्डाच्या लेखी तुम्ही फक्त क्रोगरमध्ये खरेदी केलीत.

आणि एवढा द्राविडी प्राणायाम करण्यापेक्षा लोजचं स्वतःचं क्रेडिट कार्ड घ्या ना. काउंटरवरच ५ टक्के सूट, ३,००० वर १५०. परत करायची सोय शाबूत. तुमचा मित्र १८० साठी तुम्हाला दोन दुकानं फिरवतोय.

वाकडी_वाट

@उधारीवाला यांच्याशी बहुतांशी सहमत, पण एक फाटा. ३,००० चा खर्च एकदम होणार असेल तर दुकानाचं कार्ड घेऊन तो वाया का घालवायचा? एखादं नवीन बिनफीचं कार्ड काढा. ५०० डॉलर खर्चावर २०० बोनस देणारी कार्डं नेहमीच असतात, ते कार्ड थेट लोजमध्ये वापरा. पहिल्या ५०० वरच मित्राच्या १८० च्या पुढे गेलात. उरलेले २,५०० दुसऱ्या कार्डावर किंवा लोजच्या.

गिफ्ट कार्डांचा खरा उपयोग मी सांगतो कधी होतो ते. चेस फ्रीडम फ्लेक्ससारख्या कार्डाला एखाद्या तिमाहीत किराण्यावर ५ टक्के असतात, १,५०० डॉलरपर्यंत. तिमाही संपत आली, किराणा ९०० चाच झाला, ६०० उरले. मग त्या ६०० ची अशी कार्डं घ्यायची जी पुढच्या दोन महिन्यांत नक्की संपणार. माझ्याकडे ती अ‍ॅमेझॉनची असतात. तीस डॉलर मिळतात, त्यात मी खूश.

मामंजी

तीस डॉलरमध्ये खूश राहणारा माणूस मला आवडला. एकदा घरी या, कुकर अजून तोच आहे.

कोलंबसकर

सगळ्यांचे मनापासून आभार, एवढं निघेल असं वाटलं नव्हतं.

ठरवलंय ते असं: लाकूड, ड्रायवॉल आणि फरशा लोजच्या कार्डावर, कारण त्यातलं बरंच परत जाणार हे बायकोने आत्ताच सांगितलंय. बिनफीच्या नवीन कार्डासाठी अर्ज करतोय, त्यावर पाचशेचा रंग आणि हत्यारं. गिफ्ट कार्ड फक्त एक, दोनशेचं, चौपटीची ऑफर आली की महिन्याच्या पहिल्या आठवड्यात.

मित्राला धाग्याचा दुवा पाठवला. त्याचं उत्तर: "पण मी तर सहाशे गॅलन भरलंय." त्याच्याकडे पिकअप ट्रक आहे हे तो सांगायला विसरला होता.

शेवटची शंका. दोनशेच्या कार्डावर साताठ डॉलर उरले तर लोजमध्ये पुढच्या बिलाची बाकीची रक्कम दुसऱ्या कार्डाने देता येते का, की आधी बरोब्बर दोनशेचाच माल मोजायचा?

तळ्यातमळ्यात

येते. आधी गिफ्ट कार्ड द्या, ते शून्य होईल, राहिलेलं बिल क्रेडिट कार्डावर. म्हणून नेहमी कार्डापेक्षा जरा जास्तीचा माल घ्यायचा, म्हणजे ड्रॉवर मामंजींसारखा होत नाही. फक्त रिकामं झालेलं कार्डही परत करायची मुदत संपेपर्यंत फेकू नका, माल परत केला की पैसे बहुधा त्याच्यावरच टाकतात.

ट्रकवाल्या मित्राला इकडे सदस्य करून घ्या.